दंडावरचं घड्याळ

वैशाख लागला की चोपड्याच्या रस्त्यावर दुपारी दोनच प्रकारची माणसं दिसतात. लग्नाला निघालेली, आणि लग्नात वाजवायला निघालेली. बाकी सगळे कूलरपुढे. यंदाही तसंच आहे. केळीच्या बागांना पश्चिमेच्या अंगाने हिरवी जाळी बांधली आहे, तरी वारा आत शिरतोच आणि पानांच्या चिंध्या करतो. घरात टीव्हीखाली पत्रिकांची चळत साचली आहे. आई रोज सकाळी ती चाळते आणि आज कुठल्या लग्नाला कोणी तोंड दाखवायचं याचं वाटप करते. आज माझ्या वाट्याला सावदा आलं होतं. डोकं दुखतंय म्हणून मी गेले नाही. डोकं दुखत नव्हतं. सावद्याला सुपडूनानांचा बँड असणार हे मला ठाऊक होतं, आणि गेल्या वैशाखात याच बँडमागे मी दीड महिना उन्हातान्हात चालले होते.

मी पुण्यातल्या एका कंपनीत काम करते. आमची कंपनी मनगटावरच्या घड्याळासाठी एक ॲप करते, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी. सराव करताना लोक कानात टकटक लावतात. ती टकटक कानाऐवजी मनगटावर थरथर होऊन यावी आणि कान सुरांसाठी मोकळे राहावेत, एवढीच त्यातली कल्पना. ती थरथर कशी असावी हे ठरवणं माझं काम. किती जोरात, किती वेळ, सुरुवात टोकदार की बोथट. हे काम सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग याचा पगार मिळतो का असं विचारतात. मी थरथरींना नावं दिली होती. पापणी लवायच्या आत संपते ती टिचकी. जरा रुंद ती चापट. आणि माणूस दचकून मागे बघतो ती ढुसणी. मीटिंगमध्ये मोठमोठी माणसं गंभीर चेहऱ्याने “तिसऱ्या मात्रेला चापट नको, टिचकी हवी” असं म्हणायची, तेव्हा मला फार बरं वाटायचं.

गेल्या वर्षी दोन महिने घरून काम करायची परवानगी मिळाली आणि मी चोपड्याला आले. खऱ्या वाजवणाऱ्यांवर ॲप तपासून बघायचं होतं. पुण्यात सतारवाले, गिटारवाले पुष्कळ होते. पण आमच्या शेताच्या बांधाला बांध लागून भिकनआबांचं शेत आहे, आणि भिकनआबा सुपडूनानांच्या बँडमध्ये मोठा ढोल वाजवायचे. आठ महिने केळी, चार महिने ढोल. जवळचा माणूस सोडून लांब कशाला जायचं, असा माझा साधा हिशोब होता.

त्या बँडमधले सगळेच शेतकरी. लाल कोट, सोनेरी झालर, आणि कोटाच्या बाहीतून बाहेर आलेले केळीच्या चिकाने काळे पडलेले हात. हा चीक कशानेही जात नाही. नाना पुढे ट्रम्पेट घेऊन, त्यांच्या मागे क्लॅरोनेट, साइड ड्रम, झांजा, आणि सगळ्यांत शेवटी भिकनआबा. आबांच्या पाठीला लागून बँडची गाडी, तिच्यावर माणसाच्या उंचीचे कर्णे आणि कॅसिओ. आबांची जागा वीस वर्षं तीच. त्या कर्ण्यांनी त्यांचा डावा कान पुरता नेला आणि उजवा अर्धा. धुळ्याच्या डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं होतं. पण बँडच्या आवाजात ते शिट्टी मारायचं, म्हणून त्यांनी ते डबीत घालून देव्हाऱ्यात ठेवलं होतं. अक्का, म्हणजे आबांची बायको, रोज देवांबरोबर त्या डबीलाही हळद-कुंकू वाहायची.

आबांना मी घड्याळ बांधलं आणि संथ, एकसारखा ताल लावून दिला. पहिल्याच लग्नात माझी हुशारी उतरली. वरात घड्याळाने चालत नाही. नवरदेवाचा मामा नाचायला उतरला की ढोल धावायला लागतो, नऊवारीतल्या दोन म्हाताऱ्या आल्या की तोच ढोल पाय आखडता घेतो. मांडवापाशी येऊन आबांनी घड्याळ काढून माझ्या हातात दिलं.

“हाई घडी माले नुसती टोची ऱ्हायनी,” ते म्हणाले. “नवरदेवना मामा उना का ढोल पयाडना पडस. तिले काय समजस?”

घड्याळाला काही समजत नव्हतं, आणि मलाही. सुपडूनाना ट्रम्पेटमधलं पाणी झटकत शेजारीच उभे होते. त्यांनी मला बाजूला घेतलं.

“त्याले ताल नको सांगू, माय,” नाना म्हणाले. “थांबानं कव्हय, तेवढंच सांग.”

मग त्यांनी जे सांगितलं ते आबांच्या तोंडून मी कधीच ऐकलं नसतं. आमच्याकडे वरात निघायच्या आधी बँडचा मास्तर लग्नघरी एक प्रश्न विचारतो, “गल्लीमा कोठे दुख शे का?” कोणाच्या घरी नुकतंच कोणी गेलं असेल, तर त्या घराच्या चार घरं आधी बँड थांबतो. माणसं नाचायची थांबतात, घोड्यावरचा नवरदेवसुद्धा मान खाली घालतो. चार घरं पुढे गेलं की पुन्हा वाजायला लागतं. इशारा एकच. नाना डावा हात वर करतात आणि मनगट दोनदा फिरवतात. बाकीच्यांना हात दिसला नाही तरी ट्रम्पेट बंद झालेलं ऐकू येतं. आबांना ऐकू येत नव्हतं, आणि नाचणाऱ्यांच्या गर्दीत हात दिसत नव्हता. त्याच्या आदल्या वर्षी भडगावच्या एका गल्लीत सगळे थांबले आणि आबांचा ढोल एकटाच वाजत राहिला. आठ-दहा ठोके. त्या घरातला कर्ता मुलगा जाऊन पंधरा दिवस झाले होते. एक बाई दारात येऊन उभी राहिली. नानांच्या मते तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

“आजून एकदाव असं व्हयनं का ढोल दुसराकडे जाई,” नाना म्हणाले. “मी त्याले सांगेल शे.”

म्हणजे आबांची बँडमधली जागा त्या एका थांबण्यावर टांगलेली होती. मी त्यांना ताल शिकवत बसले होते.

नंतरचे पंधरा दिवस माझ्या आठवणीत केळीच्या बागेतच आहेत. सकाळी सहाला ठिबकच्या नळ्यांतून पाणी सुटलेलं, खाली माती ओली, वर पानांचा कुजबुजल्यासारखा आवाज. आबा एका ओळीच्या टोकाला पाठ करून उभे, गळ्यात तेलाचा रिकामा डबा बांधलेला. मी दुसऱ्या टोकाला, नानांसारखा डावा हात वर करून. माझ्या घड्याळाने हाताचं ते फिरणं ओळखायचं आणि आबांच्या घड्याळाला ढुसणी द्यायला सांगायचं. पहिले तीन दिवस डबा वाजतच राहिला. ठोका मारणारा हात स्वतःच इतका हादरत असतो की त्याच्यावर आलेली थरथर त्यातच मिसळून जाते. हे मला कागदावर माहीत होतं. आबांच्या मनगटावर ते नव्याने कळलं. डाव्या मनगटावर बांधलं तर त्या हातातली बारीक काठी तेच करायची. पोटावर बांधलं तर ढोलाचा पट्टा आड यायचा. शेवटी डावा दंड, अगदी वर, खांद्याजवळ. घड्याळाचा पट्टा तिथे पुरेना, म्हणून अक्काने परकराचं इलॅस्टिक जोडून शिवून दिलं.

“इतला वरीस मी हाका मारी मारी दमनू, ऐकं नही,” ती सुईत दोरा ओवता ओवता म्हणाली. “आते दंडले घडी बांध म्हनस!”

चौथ्या दिवशी मी हात वर केला आणि डबा थांबला. मी पुन्हा वर केला, पुन्हा थांबला. आबा वळले नाहीत. पाठमोरेच उभे राहून त्यांनी टिपरू काखेत धरलं आणि डोक्यावरची टोपी नीट केली.

उन्हाचं एक वेगळंच प्रकरण होतं. पंचेचाळीसच्या पुढे पारा गेला की घड्याळ स्वतःच मान टाकायचं आणि काचेवर गरम झाल्याची सूचना यायची. जणू आम्हाला ते माहीत नव्हतं. अक्का त्याला दुपारभर प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रांजणाच्या बुडाशी ओल्या वाळूत ठेवायची आणि वरातीच्या वेळी काढून द्यायची. चालू केल्यावर ते एक ढुसणी द्यायचं. ती मीच ठेवली होती, आबांना कळावं म्हणून, की बाबा, मी जागा आहे. आबा ती आली की मान हलवायचे. कोणी रामराम केल्यावर हलवावी तशी.

मग सावद्याचं लग्न. वरण-बट्टीच्या पंगती उठल्या होत्या, घोटलेल्या वांग्याचा वास अजून मांडवात होता. वरातीच्या वाटेवर पिंपळाच्या पुढे एक घर होतं आणि तिथे दुख होतं. मी नाचणाऱ्यांच्या कडेने आबांच्या बरोबरीने चालत होते. इतक्या वेळा तपासलेली गोष्ट, तरी मी पिंपळापर्यंतची घरं मोजत होते. माझं घड्याळ आता नानांच्या डाव्या मनगटावर होतं. पिंपळ आला. नानांचा हात मला दिसला, आबांना दिसणं शक्यच नव्हतं, मध्ये मामा मंडळी फेटे उडवत होती. ट्रम्पेट थांबलं, आणि त्याच क्षणी ढोलही थांबला. बरोबर, सगळ्यांच्या बरोबर. एवढ्या मोठ्या आवाजानंतर गल्लीत नुसता जनरेटरचा घरघराट उरला आणि चपलांचा आवाज. घोडा फुरफुरला. त्या घराच्या ओट्यावर एक म्हातारा बसला होता, त्याने आमच्याकडे पाहिलं आणि हात जोडले. मला इतका आनंद झाला की मी तो दाखवू नये म्हणून खाली बघत चालले. अशा घरापुढून जाताना कोणी हसत नाही.

चार घरं पुढे गेल्यावर ढोल पुन्हा सुरू झाला तो असा, की मामा मंडळी दचकली. नंतर आबा माझ्याजवळ आले. घामाने कोटाचा लाल रंग मानेला लागला होता.

“आज मी बठ्ठासंगे थांबनू,” ते म्हणाले.

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टींचं डिझाइन केलं आहे. कोणी मला त्याबद्दल याहून चांगलं काही म्हटलेलं नाही.

त्या हंगामात आणखी पाच-सहा वेळा बँड तसा थांबला आणि दर वेळी ढोल सगळ्यांबरोबर थांबला. मी पुण्याला परतले ती छाती फुगवून. दोन्ही घड्याळं कंपनीला सांगून नाना आणि आबांकडेच ठेवली. ही ‘इशारा’ नावाची सोय मी सगळ्यांसाठीच्या ॲपमध्ये घालून घेतली, त्यासाठी भांडले. नाटकवाले वापरतील, ढोलताशावाले वापरतील, असं मी म्हणाले आणि सगळ्यांना ते पटलं.

कोणी वापरली नाही. भाद्रपदात, बाहेर पुण्याचा तो चिवट पाऊस चालू असताना, आमची एक मीटिंग झाली. ॲप जड झालं होतं, काय काय काढून टाकायचं याची यादी भिंतीवर लावली होती. प्रत्येक सोयीपुढे ती किती लोक वापरतात याची रेघ होती. ‘इशारा’ची रेघ वैशाख-जेठात जमिनीवरून चार बोटं उठलेली आणि मग सपाट. दोन माणसं, आणि तीही तीन महिन्यांपासून गप्प.

“हे कोण आहेत दोघं? सोडून दिलेलं दिसतंय,” आमचे साहेब म्हणाले.

ते दोघं कोण आहेत हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. ती रेघ सपाट का आहे तेही माहीत होतं. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात. तुळशीचं लग्न लागलं की रेघ पुन्हा उठली असती. एवढंच बोलायचं होतं, दोन वाक्यं. पण त्या खोलीत, त्या काचेच्या टेबलाशी, मुहूर्त आणि तुळस आणि सुतकाचं घर हे शब्द उच्चारायची मला लाज वाटली. सगळे हसतील असं वाटलं. ते हसलेही नसते कदाचित. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे डिझाइनवाल्यांची सही लागते. ‘इशारा’पुढे मी सही केली. मनात म्हटलं, नाना-आबांना फोन करून सांगू, त्यांच्यासाठी वेगळं काहीतरी करून देऊ. मग दसरा आला, मग दिवाळी, मग दुसरं काम आलं. नवी आवृत्ती घड्याळात आपोआप उतरते, तिला कोणाचा फोन लागत नाही.

मार्गशीर्षात आई फोनवर दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलताना म्हणाली की भिकनआबांनी ढोल सोडला. वय झालं, मी म्हणाले. हो ना, आई म्हणाली. वय झालं हे उत्तर फार सोयीचं असतं, त्याच्यापुढे प्रश्न येत नाही. मी तेव्हा ते उत्तर घेतलं आणि हिवाळाभर त्याच्यावर भागवलं. बोच होती, पण ती मी उघडून बघितली नाही.

म्हणून आज सावद्याला न जाता मी उन्हं जरा कलल्यावर शेतावर गेले. आबा विहिरीच्या मोटारीजवळ सावलीत बसून घडांना बांधायच्या दोऱ्या वळत होते. मला बघून त्यांनी सरकून जागा केली आणि उजवा कान माझ्याकडे येईल असे बसले. केळी यंदा कशी, पुण्यात पाणी आहे का, लग्न करतेस की नाही, हे सगळं झालं. त्यांच्या डाव्या दंडावर, बनियनच्या वर, अक्काच्या इलॅस्टिकमध्ये ते घड्याळ होतं.

“आबा, ढोल का सोडला?” मी विचारलं. त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारावं लागलं.

“हात गया ना, माय.” ते सहज म्हणाले, पाऊस लांबला म्हणावं तसं. “घडी चालू करी का ती थरथरस, ते समजस. ढोल वाजाडाले लागनू का मंग काहीच नही. नानानी हात वर करा, बठ्ठा थांबनात, आन मी वाजाडीच ऱ्हायनू. दुखना घरनामोरे.” त्यांनी वळलेली दोरी गुडघ्यावर ठेवली. “कान गया व्हता, आते दंडबी मरी गया. त्याच दिन मी टिपरू नानाना हातमा दी दिन्हं. नाना काही बोलनात नही. मीच दिन्हं.”

चालू होतानाची ती ढुसणी आम्ही काढली नव्हती. ती यादीत नव्हती. त्या एका ढुसणीमुळे त्यांना वाटत राहिलं की घड्याळ बोलतंय आणि आपल्यालाच कळत नाही. त्यांनी घड्याळावर क्षणभरही संशय घेतला नाही. पोरीने करून दिलेलं होतं ते.

मी सांगितलं. पहिल्यांदा हळू सांगितलं, ते त्यांना ऐकू गेलं नाही. कबुली हळू आवाजात देता येते अशी माझी समजूत होती. मला उठून त्यांच्या उजव्या कानाशी वाकून, ओरडून सांगावं लागलं.

“आबा, हात नाही गेला! घड्याळातलं ते मी काढून टाकलं! सही मी केली! तुम्हाला न सांगता!”

दोन ओळी पलीकडे पानं कापणारी बाई विळा थांबवून आमच्याकडे बघायला लागली. आबा माझ्या तोंडाकडे बघत होते. मी तेच पुन्हा ओरडले. मला रडू येत होतं आणि ओरडताना धड रडताही येत नव्हतं.

“म्हंजे हात चांगला शे?” त्यांनी विचारलं.

“चांगला आहे आबा. पहिल्यापासून चांगला आहे.”

ते माझ्यावर रागावतील याची मी वाट बघत होते. पुन्हा बसवून देते, नानांशी बोलते, असं बरंच काही मी बोलत होते, पण ते त्यांच्या डाव्या कानाच्या बाजूला गेलं असावं. त्यांनी इलॅस्टिक खाली सरकवलं आणि घड्याळ काढून मांडीवर ठेवलं. दंडावर घामाने पांढरी पडलेली चौकोनी खूण होती. उजव्या हाताने त्यांनी तो दंड धरला, दाबून बघितला, मूठ उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग माझ्याकडे न बघता, दंडालाच म्हणाले, “मी तुले उगाच शिव्या दिन्यात रे, भाऊ.”